‘वरवरचंच आहे’ असे सांगण्यापूर्वी

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
नाशिक यांस



मी निवृत्त सिस्टर ट्यूटर. नोकरीची पहिली वर्षे सर्जिकल वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत गेली, नंतरची बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना शरीररचनाशास्त्र शिकवण्यात. आपल्या विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षांना परीक्षक म्हणून बसण्याचा योगही आला. त्या अधिकाराने, किंवा अधिकार नको म्हणू या, त्या सवयीने हे पत्र लिहिते आहे.

मागणी पैशांची नाही. शरीरात एखादी गोष्ट किती खोल आहे हे सांगणारे शब्द पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच शिकवले जातात: सुपरफिशियल, डीप, एक्स्टर्नल, इंटर्नल. मुले व्याख्या पाठ करतात, म्हणून दाखवतात, गुण घेऊन मोकळी होतात. माझे म्हणणे एवढेच, की त्याच तोंडी परीक्षेत एक प्रश्न असाही असावा ज्यात ही खोली रुग्णाच्या नातेवाइकाला मराठीत समजावून सांगावी लागेल, आणि ती सांगून झाल्यावर धोका किती हे वेगळे सांगावे लागेल. या दोन गोष्टींची गल्लत दवाखान्यात रोज होते. ती नातेवाईक करतात, आम्ही नर्सेस करतो, आणि डॉक्टरही करतात.

व्याख्या आपण जाणताच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. शरीराच्या पृष्ठभागाला जे जवळ ते सुपरफिशियल, जे लांब ते डीप. हे शब्द कायम तुलनेचे आहेत. दंडाचा स्नायू कातडीच्या मानाने खोल, हाडाच्या मानाने वरचा. एकटी अशी कुठलीच गोष्ट खोल नसते. किती मिलिमीटर खोल हेही या शब्दांत नसते, आणि महत्त्वाची किती, नाजूक किती, जिवावर बेतेल का, हे तर मुळीच नसते. इतक्या कोरड्या, निरुपद्रवी व्याख्येवर कुणी पत्र का लिहावे? कारण हा शब्द डिसेक्शन हॉलमधून कॅज्युअल्टीत आला की त्याचा अर्थ बदलतो. डॉक्टर म्हणतात, ‘सुपरफिशियल आहे.’ बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला कळते, ‘थोडक्यात निभावलं.’

ऊसतोडीचा हंगाम घ्या. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरल्या की कारखान्याच्या आसपासच्या ग्रामीण रुग्णालयांत डाव्या हाताची बोटे कापलेली माणसे येऊ लागतात. उजव्या हातात कोयता आणि डाव्या मुठीत ऊस, म्हणजे घाव निसटला की तो डाव्या हातावरच. जखम दिसायला फारशी नसते. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला दीड-दोन सेंटिमीटरची चीर, रक्त बऱ्यापैकी थांबलेले. टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन, अँटिबायोटिक, जा घरी. त्यालाही घाईच असते, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो.

आता त्या बोटात काय आहे पाहा. बोटे मिटवणारे दोन स्नायू हाताच्या पुढच्या भागात एकावर एक असतात, वरचा सुपरफिशियालिस आणि खालचा प्रोफंडस. दोघांचे टेंडन मनगटातून, तळव्यातून बोटांत येतात. आणि बोटाच्या मुळाशी शरीराने एक विलक्षण गंमत करून ठेवली आहे: वरचा टेंडन मधोमध फाटतो, त्या फटीतून खालचा टेंडन वर निघतो आणि पुढे जातो. वरचा मधल्या पेरावर संपतो. शेवटच्या पेरापर्यंत पोहोचतो तो ‘खोल’ म्हणवणारा, आणि तिथे त्याच्यावर दुसरा टेंडन नसतो. कोपराजवळ जो खोल होता तो बोटाच्या टोकाकडे सगळ्यात वर आला, नाव मात्र तेच राहिले. म्हणून तिथे ‘डीप टेंडन’ तुटायला घाव खोल असावा लागत नाही.

त्याहून चकवणारी गोष्ट अशी. घाव बसला तेव्हा मूठ मिटलेली होती. तपासायला टेबलावर हात ठेवला की बोट सरळ होते, आणि टेंडनची तुटलेली जागा कातडीच्या चिरेपासून बोटाच्या टोकाकडे सरकते. जखमेत डोकावणाऱ्याला चिरेखाली चांगला पांढराशुभ्र अखंड टेंडन दिसतो. तो लिहितो, ‘सुपरफिशियल, टेंडन इंटॅक्ट.’ खरी तपासणी डोळ्यांनी होतच नाही. मधले पेर धरून ठेवायचे आणि म्हणायचे, ‘दादा, टोक वाकवा.’ टोक वाकले नाही तर प्रोफंडस गेला. मग बाकीची बोटे सरळ दाबून ठेवायची आणि हे एकच बोट मधल्या सांध्यात मिटायला सांगायचे. त्यातून सुपरफिशियालिस कळतो. मिनिटभराचे काम. ते राहून गेले तर तुटलेले टोक आत तळव्याकडे ओढले जाते, आठवडे उलटले की सरळ जोडता येत नाही, आणि ज्याचे पोट मुठीवर आहे त्या माणसाची मूठ मिटत नाही. चीर वरवरची होती हे खरेच होते. खोटे कुणीच बोलले नव्हते.

हे अडाणीपणामुळे होते असे कुणी म्हणू नये. शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही हा शब्द कसा फसवतो याचा नोंदलेला दाखला आहे, तोही अमेरिकेतला. मांडीत एक मोठी शीर असते, फिमोरल व्हेन. मांडीच्या स्नायूंमध्ये, त्यांच्यावरच्या जाड आवरणाच्या (डीप फॅशियाच्या) खाली, फिमोरल धमनीच्या सोबतीने ती चालते. म्हणजे डीप व्हेनच ती, कुठल्याही व्याख्येने. पण मांडीच्या वरच्या टोकाशी तिला एक आणखी आतली शीर येऊन मिळते, तिचे नाव प्रोफंडा. ही प्रोफंडा खोल, तर तिच्या मानाने दुसरी वरची, एवढ्याच हिशेबाने सर्जन आणि सोनोग्राफीवाले तिला सुपरफिशियल फिमोरल व्हेन म्हणू लागले. आता या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि रिपोर्टवर लिहून आले, ‘सुपरफिशियल फिमोरल व्हेनमध्ये थ्रॉम्बस.’ वाचणाऱ्याने पहिला शब्द वाचला आणि ठरवले, वरवरच्या शिरेला सूज आहे, शेक द्या, वेदनाशामक द्या, आठवड्याने या. खोल शिरेतली गुठळी मात्र सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस उभ्या उभ्या जाऊ शकतो. तिला रक्त पातळ ठेवणारी औषधे लागतात, तीही लगेच.

१९९५ साली ‘जामा’ या नियतकालिकात बंडन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच मांडले. फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टरांना त्यांनी अशा रुग्णाबद्दल विचारले, तेव्हा रक्त पातळ करणारे औषध देऊ असे म्हणणारे चौथाईहूनही कमी निघाले. त्यांनी त्या नावाला जीवघेणे ठरू शकणारे नाव म्हटले होते. पुढे २००१ मध्ये रोमला शिरांच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती बसली आणि पायांच्या शिरांची नावे नीट लावताना तिने हे नाव काढून टाकले, नुसते फिमोरल व्हेन म्हणा असे सांगितले. १९९८ च्या अधिकृत शरीररचना नामावलीतही ती नुसती फिमोरल व्हेनच आहे. तरीही जुने नाव लिहिलेले डॉपलरचे रिपोर्ट माझ्या पाहण्यात आले आहेत, आणि ते निवृत्तीच्या फार आधी नव्हे. रेडिओलॉजीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परीक्षाही आपलेच विद्यापीठ घेते. जुने नाव वापरू नका, एवढ्या एका ओळीच्या सूचनेत हे काम होण्यासारखे आहे.

एक्स्टर्नल-इंटर्नलचेही असेच. मानेत कॅरोटिड धमनी दुभागते. इंटर्नल कॅरोटिड म्हणजे आतली, असे मुले ठोकून देतात. पण दुभागते तिथे एक्स्टर्नल पुढे आणि मध्यरेषेच्या जवळ असते, आणि इंटर्नल बाहेरच्या अंगाला. नावे पडली आहेत ती त्या जातात कुठे यावरून: एक कवटीच्या आत, दुसरी चेहऱ्याकडे. हा प्रश्न मी दरवर्षी विचारत असे, आणि दरवर्षी हुशार मुलीच चुकत.

आता भाजलेल्यांबद्दल. इथे मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण खोलीचा शब्द सगळ्यात क्रूरपणे फसवतो तो बर्न्स वॉर्डात. कातडीचे दोन थर, वरचा पातळ, खालचा जाड. वेदना कळवणाऱ्या नसांची टोके त्यांत पसरलेली. नुसता वरचा थर भाजला, उन्हाने भाजतो तसा, तर कातडी लाल होते, आग होते, आठवडाभरात बरे होते, डागही राहत नाही. त्याच्या थोडे खाली गेले की फोड येतात, फोडाखालचा भाग ओला आणि गुलाबी असतो, आणि तिथे वाऱ्याची झुळूक लागली तरी माणूस किंचाळतो. आणखी खाली, कातडी आरपार गेली, तर नसांची टोकेच जळून जातात. तो भाग पांढरट किंवा तपकिरी, कोरडा, कातड्यासारखा चिवट होतो आणि टाचणी टोचली तरी कळत नाही.

यातून काय होते ते सांगते. पहिल्या रात्री दोन बाया शेजारच्या खाटांवर आहेत. एक ओरडते आहे, दुसरी शांत पडून पाणी मागते आहे, घरच्यांशी बोलते आहे. ओरडणारीच्या घरचे रडताहेत. शांत असणारीचे घरचे म्हणताहेत, हिला फार लागलं नाही, दुखतसुद्धा नाहीये. कुणीतरी चहा आणायला जातो, कुणी शेवटची एसटी पकडतो. वॉर्डातली प्रत्येक सिस्टर जाणते की उलटे आहे. पण ते कुणी सांगायचे, कधी सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, हे तिला कुठल्याही वर्गात शिकवलेले नसते. ‘डीप बर्न्स आहेत’ एवढे सांगितले जाते आणि ऐकणारा दुखण्याकडे पाहून मोजमाप करतो.

भाजण्याच्या खोलीची आणखी एक गोष्ट नातेवाइकांना सांगायला हवी, ती म्हणजे पहिल्या दिवशीची खोली अंतिम नसते. मेलेल्या भागाभोवती अर्धमेल्या पेशींचा एक पट्टा असतो. सलाइन पुरेसे गेले, जंतुसंसर्ग टळला तर तो वाचतो, नाही तर दोन-तीन दिवसांत तोही मरतो आणि वरची जखम खोल होते. ‘काल तर वरवरचं म्हणाला होता, आज ऑपरेशन म्हणता,’ हे भांडण तिसऱ्या दिवशी ठरलेले. त्यात डॉक्टरवर हात उगारला गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिल्याच दिवशी ‘ही खोली आजची आहे, परवा पुन्हा बघू’ एवढे वाक्य बोलले गेले असते तर? सगळी भांडणे टळली असती असे मी म्हणत नाही. काही नक्की टळली असती.

आणि टक्केवारी. भाजण्याच्या टक्क्यांवर सलाइनचा हिशेब ठरतो: वजन, टक्के आणि चार मिलिलिटर यांचा गुणाकार, निम्मे पहिल्या आठ तासांत, तेही भाजल्याच्या वेळेपासून मोजायचे, दवाखान्यात पोहोचल्याच्या नव्हे. या टक्क्यांत नुसता वरचा थर लाल झालेला भाग धरायचाच नसतो. म्हणजे खोली चुकली की टक्के चुकतात आणि टक्के चुकले की पाणी चुकते. इथे शब्द अचूक हवा, आणि इंग्रजीत असला तरी मला चालेल. घरच्यांना सांगताना मात्र वेगळे वाक्य हवे.

याच्या उलट बाजूला आहेत त्या कातडीखाली लगेच असणाऱ्या नसा. शरीरात वरवर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, तर उघड्यावर असणे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी, बाकी काही नाही. प्लास्टर तिथे घट्ट झाले किंवा बेशुद्ध रुग्ण एका कुशीवर पडून राहिला की ती दबते आणि पाऊल लोंबकळते. मानेच्या बाजूला खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस अशीच अगदी वर असते. आपल्याकडे टीबीच्या गाठी तिथेच येतात आणि तपासणीसाठी त्यातली एखादी काढतात. ‘छोटंसं काम आहे, वरचीच गाठ आहे, भूल देऊन इथेच काढू.’ गाठ निघते, आणि महिन्याने एखादी मुलगी येऊन सांगते की केस विंचरायला हात वर जात नाही. गाठ वरची होती म्हणूनच नस तिच्या शेजारी होती. संमतीपत्रावर सही घेताना हे सांगावे असे प्रत्येक पुस्तकात असते. सही घेणारा इंटर्न घाईत असतो.

आम्हा नर्सेसचा तर अर्धा जन्म खोलीवरच गेला. बाळ जन्मले की डाव्या दंडावर बीसीजी, कातडीच्या आत, ०.०५ मिलि. गोवर-रुबेला कातडीखालच्या चरबीत. पेंटाव्हॅलंट मांडीच्या स्नायूत. तीन लसी, तीन मजले. बीसीजी चुकून खाली गेली तर गळू होते, काखेत गाठ येते. पेंटाव्हॅलंट स्नायूपर्यंत न पोहोचता चरबीत राहिली तर तिथे सूज आणि गोळा होतो आणि आई पुढच्या डोसला येत नाही. यांतला गाठायला सगळ्यात अवघड मजला सगळ्यात वरचा. सुई जवळजवळ आडवी धरून, तिचे तोंड वर ठेवून, कातडीच्या जाडीतच थांबायचे. फुगवटा उठला तर बरोबर. मुलींना वाटते खोल इंजेक्शन अवघड आणि वरचे सोपे. हात थरथरतो तो वरच्यालाच.

या वरच्या मजल्याला मोलही जास्त. कातडीत रोगप्रतिकाराच्या पेशींची गर्दी असते, त्यामुळे तिथे थोडी लस पुरते. कुत्रा चावल्यावरची लस स्नायूत द्यायची तर अख्खा डोस लागतो. कातडीत दिली तर दर वेळी दोन ठिकाणी ०.१ मिलि पुरते, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एका बाटलीत अनेकांचे भागते. सरकारी दवाखान्यात ही लस पुरते याचे श्रेय पुष्कळसे या पद्धतीला आहे. पण ‘कातडीतच दिली, आत दिलीच नाही’ म्हणून रुसून खासगीत जाणारे गावकरी मी पाहिले आहेत. खोल म्हणजे जोरदार, वरचे म्हणजे नावापुरते, हा हिशेब इतका मुरलेला आहे.

आमच्या मुली हे शिकतात ते प्लॅस्टिकच्या दंडावर. त्या दंडात चरबी नसते. मग वॉर्डात वजनदार बाईच्या कमरेत नेहमीची सुई पूर्ण घातली तरी ती स्नायूपर्यंत पोहोचतच नाही, आणि वाळलेल्या म्हाताऱ्याच्या दंडात तीच सुई हाडाला टेकते. जागेप्रमाणे माप बदलते हे जुन्यांना ठाऊक होते: सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्वचेचे सात थर सांगितले आहेत आणि प्रत्येकाची जाडी भाताच्या दाण्याच्या मापात दिली आहे, पहिला दाण्याच्या अठराव्या भागाइतका, शेवटचा दोन दाण्यांइतका. आजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते आकडे जुळतात का हा माझा विषय नाही. मला आवडते ती पुढची पुस्ती: ही मापे मांसल जागांची, कपाळ आणि बोटांसारख्या जागांना लावू नयेत. माप देणाऱ्याने लगेच जागाही सांगून टाकली. त्याच ग्रंथात प्रेत पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि मग वाळा, केस, बांबू अशांच्या कुंचीने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा, असा विधी आहे. वरून खाली जात शिकणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे.

मुक्या माराबद्दल थोडक्यात. झाडावरून पडलेला, बैलाने ढकललेला, दुचाकीच्या हँडलवर आपटलेला माणूस येतो. कातडी शाबूत, रक्ताचा थेंब नाही. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा फाटलेली असू शकते आणि तो सांगतो, डावा खांदा दुखतोय. डोक्याचेही तसेच. टाळूची कातडी फाटली की रक्ताचे पाट वाहतात, कारण तिथल्या रक्तवाहिन्या चिवट थरात अडकलेल्या असतात आणि आक्रसून मिटू शकत नाहीत. सगळे गाव त्याच्याभोवती जमते. दुसऱ्याला नुसते कानशिलाच्या बाजूला टेंगूळ आलेय. तो शुद्धीवर येऊन चालत-बोलत घरी गेला, आणि कवटी व मेंदूच्या आवरणाच्या मध्ये साचत राहिलेल्या रक्ताने रात्री झोपेतच गेला. अशाला घरी सोडताना ‘आत काही नाही’ हे वाक्य कुणी उच्चारू नये. ‘आत्ता काही दिसत नाही, रात्रभर दर दोन तासांनी उठवून बोलतं करा’ हे वाक्य हवे. आपल्या इंटर्न्सना ते मराठीत पाठ असावे, ते राजस्थानातून आलेले असोत की केरळातून.

शेवटचा मुद्दा कोर्टाचा, कारण तिथे एक शब्द कुणाच्या तरी तुरुंगवासापर्यंत जातो. मारामारीची मेडिको-लीगल (एमएलसी) केस आली की जखमेच्या दाखल्यावर लांबी, रुंदी आणि खोली लिहावी लागते, आणि खोलीच्या रकान्यात स्किन डीप, मसल डीप, बोन डीप. त्याच दाखल्यावर दुखापत साधी की गंभीर हेही लिहायचे असते. गावात समज असा की बोन डीप म्हणजे गंभीर, आणि स्किन डीप लिहिले म्हणजे डॉक्टरने समोरच्या पार्टीचे पैसे खाल्ले. कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये, जे आधी दंड संहितेचे ३२० होते, गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत: दृष्टी जाणे, ऐकू न येणे, अवयव किंवा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वगैरे. जिवाला धोका हा एक. आणि माणूस ठरावीक दिवस तीव्र वेदनेत किंवा रोजच्या कामाला असमर्थ असणे, जे पूर्वी वीस दिवस होते आणि १ जुलै २०२४ पासून पंधरा झाले. या आठांत खोली हा शब्द कुठेच नाही. मांडीवरची मसल डीप जखम साधी ठरू शकते आणि गालावरची उथळ चीर गंभीर. भोसकल्याच्या जखमेत तर खोली पात्याच्या लांबीवरूनही सांगता येत नाही, कारण पोट दाबले जाते आणि चार इंची पाते पाच इंच आत जाऊ शकते. म्हणून तर अशा जखमेत कॅज्युअल्टीत सळई घालून खोली मोजू नये असे शिकवतात. दाखल्यावर खोली आणि गांभीर्य हे दोन रकाने वेगळे आहेत ते उगीच नाहीत. तरुण वैद्यकीय अधिकारी साक्षीला उभा राहतो, बचावाचा वकील विचारतो, ‘डॉक्टर, जखम वरवरची होती ना?’, तो ‘हो’ म्हणतो, कारण ती होती. पुढचे वाक्य त्याला कुणी शिकवलेले नसते.

आता आपल्या कार्यालयातून येणारी उत्तरे मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) आणि नर्सिंग कौन्सिल ठरवतात, विद्यापीठाच्या हातात काही नाही. मान्य. पण २०१९ पासूनच्या त्याच अभ्यासक्रमात फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आहे, आणि संवाद शिकवणारा एटकॉम नावाचा भाग आहे. त्यांत काय विचारायचे हे दिल्ली सांगत नाही. परीक्षा नाशिकहून होते, परीक्षकांना सूचना नाशिकहून जातात. दुसरे उत्तर असेल की मराठीतून वैद्यकीय शिक्षणाचा विषय शासनस्तरावर विचाराधीन आहे. तो विषय मी मांडलेलाच नाही. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये हिंदी पुस्तके काढली, ते चांगले की वाईट यावर भांडायला पुष्कळ माणसे आहेत. मुलांनी फॅशियाला फॅशिया म्हणावे, टेंडनला टेंडन म्हणावे. मला फक्त बाकावर बसलेल्या माणसाशी बोलले गेलेले तीन-चार वाक्यांचे मराठी हवे आहे.

तिसरी शंका अध्यापकांची असेल, आणि ती खरी आहे: पहिल्या वर्षाच्या मुलाने रुग्णच पाहिलेला नसतो, तो नातेवाइकाला काय समजावणार? म्हणूनच पहिल्या वर्षी, असे माझे उत्तर. तेव्हा त्याला इंग्रजी शब्द नवे असतात आणि घरच्यांसारखेच तोही अडखळत असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत तो ‘सुपरफिशियल’ सहज म्हणू लागतो आणि समोरच्याला ते कळत नाही हे त्याच्या लक्षात यायचे थांबते.

प्रश्न कसा असावा याचा नमुना देते. कार्डावर एवढेच लिहावे: ‘बावीस वर्षांचा तरुण, उजव्या मनगटावर काचेने दोन सेंटिमीटरची चीर, रक्त थांबले आहे. परीक्षक त्याची आई आहेत.’ विद्यार्थ्याने आधी परीक्षकाला इंग्रजीत सांगावे की मनगटाच्या त्या जागी कातडीखाली कोणकोणते टेंडन, कोणती नस आणि कोणती धमनी कोणत्या क्रमाने येतात. मग आईला सांगावे की चीर किती आत गेली असू शकते, आत काय काय आहे, आपण बोटे हलवून आणि स्पर्श करून काय तपासणार आहोत, आणि ते तपासल्याशिवाय बरे-वाईट का सांगता येत नाही. पाच गुण. आईच्या भूमिकेतल्या परीक्षकाने एक उपप्रश्न विचारायलाच हवा, कारण खऱ्या आया विचारतात: ‘टाके किती पडतील?’ टाक्यांच्या संख्येवरून जखम मोजणारी आई समोर असताना विद्यार्थी काय करतो, ते पाहण्यासारखे असते.

अशी कार्डे मी शिकवत असताना वर्गापुरती करत असे. दंड, गुडघा, मान, टाळू, पोट, बोट, भाजलेला हात, लसीकरणाचे बाळ, अशी बरीच आहेत. विद्यापीठाला हवी असतील तर घेऊन येईन. मानधन नको. अक्षर मात्र खराब आहे आणि टायपिंग येत नाही, तेवढी सोय आपल्या परीक्षा विभागाने करावी.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर